तिकीट काढून धक्के

१२, शुक्रवार

मैदानावर गाण्याचा जलसा, तीन दिवस. बायकांच्या फाटकावर झडती घ्यायचं काम माझ्याकडे. पाऊस, घोट्यापर्यंत चिखल, संडासाला ही लांब रांग. तरी पोरी हसतच आत. एकीला म्हटलं, घरी गादी नाही का गं? तर म्हणते, "मावशी, तुम्हीपण या ना!" डोंबल.

घरी आले तर लेक पायरीवर. कान सुजलेला. जावयाने भिंतीवर डोकं आपटलं. ही तिसरी वेळ. चहा पाजला, अंधार पडायच्या आत परत नेऊन सोडली. मी नाही का सोसलं?

१३, शनिवार

आत कुणी चक्कर येऊन पडली, तिला आणायला मला धाडलं. स्टेजपुढं गोल करून माणसं एकमेकांवर आदळत होती. खांदे, कोपरं, गुडघे. एक कोपर माझ्या नाकावर बसलं. आडवी झाले. वाटलं, तुडवतात आता. तर सगळे जागीच थांबले. आठ-दहा हातांनी वर उचललं. एक दाढीवाला, त्याच्याच ओठातून रक्त — "काकू, लागलं का?"

म्हटलं, "तिकीट काढून मार खाता? डोकी फिरलीत?"

हसला. "इथं रागानं कोण मारतंय? आणि नको झालं की हात वर करायचा. लगेच बाहेर काढतात."

नाकातून रक्त गळत होतं. तरी दोन गाणी तिथंच थांबले. एका जाड्याला मीही ढकललं — जोरात. बरं वाटलं.

१४, रविवार

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. लेकीने तीनदा हात वर केला. तिन्ही वेळा मीच तिला आत लोटलं.

कामावर गेले नाही. तडक तिच्या घरी. जावई दारात. "काय सासूबाई, आज इकडे कुठे?" म्हटलं, पोरीला बोलाव. त्याने दंड धरून भिंतीवर ढकललं मला. दाराशी त्याचा गॅरेजचा पाना पडलेला. तो उचलून आधी त्याच्या गुडघ्यावर घातला, मग तोंडावर. त्याचा दात फरशीवर उडाला. मी पुन्हा हात उगारला तेव्हा तो खाली पडूनच ओरडला — "कुठं लपवलीस तिला, थेरडे? कालपासून घरात नाही ती!"

१५, सोमवार

लेक सुखरूप आहे. तिच्या शेजारच्या शिवणवालीला पत्ता माहीत आहे, पण देत नाही. लेक बजावून गेली आहे — "आईला सांगू नका. ती परत आणून सोडते."