खुर्ची क्रमांक चारच्या वंशावळीत एक ओळ वाढवण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
जिल्हा रुग्णालय.

विषय: हिपॅटायटिस सी विषाणूच्या वंशावळीत बाटलीची नोंद घेणेबाबत.
संदर्भ: डायलिसिस विभागाच्या दारावर चिकटवलेला तक्ता.

महोदय,

अर्जदार शिंपी आहे. शाळा सातवीपर्यंत, बाकीचे वाचून शिकला. भाषेत काही टोचले तर इलाज नाही.

१. अर्जदाराची पत्नी चार वर्षे आठवड्यातून दोनदा आपल्याकडे खुर्ची क्रमांक चारवर डायलिसिस घेते. यंदा तिला आणि सकाळच्या तुकडीतल्या आणखी पाच जणांना हिपॅटायटिस सी निघाला. प्रयोगशाळेने सहाही जणांच्या विषाणूंची जनुके ताडून झाडासारखा तक्ता काढला. बुंध्याशी लिहिले, "स्रोत: खुर्ची ४". तो दारावर लागला त्या दिवशी पत्नी आत शिरताच एका रुग्णाचा भाऊ म्हणाला, "आली बघा, पाच जणांची आई!" घरी येऊन ती एवढेच म्हणाली, "अहो, मी काय विष वाटत फिरले?" त्यानंतर ती गेलेली नाही. तीन खेपा चुकल्या. पाय चपलेत मावत नाहीत.

२. तक्ता खोटा नाही. प्रयोगशाळेतल्या बाईंनी समजावले, की हा विषाणू अंगात वर्षानुवर्षे राहिला की बदलत जातो. पत्नीच्या रक्तात त्याची पुष्कळ रूपे आहेत, म्हणजे मुक्काम जुना. बाकी पाच जणांत मात्र जवळजवळ एकच रूप, म्हणजे नुकताच, बहुधा एकाच दिवशी गेलेला. आता एका दिवसात ती पाच जणांकडे गेली कशी? चार तास तर ती नळ्यांनी खुर्चीला बांधलेली असते.

३. नळ्या धुवायचे सलाईन सर्वांसाठी एकाच बाटलीतून ओढतात; एकाच्या नळीला लागलेली सुई पुन्हा त्याच बुचात जाते. तक्ता लागला त्याच दिवशीची रिकामी बाटली अर्जदाराने खुर्चीजवळच्या बादलीतून उचलली. तिच्यावर "एका रुग्णासाठी" असे छापले आहे. रबरी बुचाला एकोणीस भोके आहेत. सुईची भोके ओळखण्यात अर्जदाराचा जन्म गेला. आपल्या चौकशी समितीत एकही शिंपी नव्हता.

४. पत्नीला तो कुठून आला? एकतीस वर्षांपूर्वी बाळंतपणात आपल्याच रुग्णालयाने तिला दोन पिशव्या रक्त चढवले. परके रक्त आयुष्यात तेवढेच. झाडाला मुळे असतात ना, साहेब? मग आपली करवत बरोबर जमिनीपाशीच का चालली?

सबब, तक्त्यात एकच ओळ वाढवावी: "चारकडून इतरांकडे विषाणू रुग्णालयाच्या बाटलीने नेला." खाली सही-शिक्का करावा आणि शुक्रवारी सकाळच्या तुकडीआधी तो दारावर लावावा. ती ओळ वाचल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही, असे पत्नी म्हणते. आपले डॉक्टर म्हणतात, हाही शुक्रवार चुकला तर पुढचा धरून चालू नका. अर्जावर "विचाराधीन" असा शेरा मारायचा असल्यास तिच्या फुप्फुसांत चढणाऱ्या पाण्यालाही तसे कळवावे.

आपला
("नम्र" हा शब्द शुक्रवारनंतरसाठी राखून ठेवला आहे),
अर्जदार शिंपी,
खुर्ची क्रमांक चारचा नवरा
बुधवार, सकाळी

सोबत:
१. रबरी बूच, कापडात शिवून. टाके उसवून भोके स्वतः मोजावीत.
२. पत्नीची संमती. बोटे सुजल्याने सही जमली नाही, अंगठा घेतला आहे. तिला लिहिता येते, याची नोंद घ्यावी.