दगडातल्या मला दात आहेत

शनिवार, १८ फेब्रुवारी

आज माझ्याच कबरीवर माझा चेहरा पाहिला.

मृतांचा शनिवार. दरवर्षी इतकंच असतं — सासूसासऱ्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावायची, साखर-अक्रोड घातलेला उकडलेला गहू ठेवायचा, थोडी वाइन मातीत ओतायची, उरलेली शेजारच्या कबरीवाल्यांना पाजायची आणि घरी यायचं. तिहोमिर सकाळपासून शीळ घालत होता. स्वतःच्या कोटाला ब्रश मारला. मला म्हणाला, "झागोर्का, जरा बरा रुमाल बांध." मला वाटलं, थंडी आहे म्हणून.

सासूसासऱ्यांच्या शेजारची जागा रिकामी असायची. आज नव्हती. काळा ग्रॅनाइट, पुरुषभर उंच, आरशासारखा. डावीकडे तिहोमिर, टाय लावून. उजवीकडे मी. खाली नाव, जन्मसाल, आडवी रेघ. रेघेपुढे मोकळी जागा सोडलेली.

"बोल ना काहीतरी!" तिहोमिर म्हणाला.

माझ्याआधी पेर्सा बोलली. आमच्या समोर राहते, सगळीकडे आधी पोचते. "अगं बाई, किती सुंदर आलीयस! अगदी जिवंत वाटतेस!"

मग सगळे जमले. त्याचा हात दाबून अभिनंदन. त्याने कोटातून बाटली काढली, प्रत्येकाला राकिया, फळांची कडक दारू. मी थाळीतला गहू चमच्याने वरखाली करत उभी.

दगडातली मी हसते आहे. फोटो शाळेतल्या निरोप समारंभाचा. कारागिराने दात एकेक करून कोरलेत. वरचे सगळे.

माझे वरचे पुढचे चार ऑक्टोबरपासून नाहीत.

रविवार, १९ फेब्रुवारी

किळस. दुसरा शब्द शोधला. छत्तीस वर्षं मुलांना शब्द शोधायला शिकवलं. सापडला नाही.

ऑक्टोबरात दातांचा जुना ब्रिज तुटला, पावाच्या तुकड्यात निघून आला. डॉक्टरीणबाईंनी खर्च सांगितला. तिहोमिर म्हणाला, "वसंतात बघू. आत्ता आपल्याकडे नाहीत." तेव्हापासून सूप, भिजवलेला पाव, किसलेलं सफरचंद. बोलताना तोंडावर हात. हसू आलं तर दोन्ही हात.

आपल्याकडे नाहीत!

लग्न झालं त्या महिन्यात ठरलं — तुझं-माझं करायचं नाही, घरात पैशाचा डबा एकच. मला तो विचार तेव्हा देखणा वाटला. दोघांचे पगार कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात. आता दोघांची पेन्शन. डबा त्याच्या कपाटात. किल्ली त्याच्या पट्ट्याला. मी मागते. तो कधीही नाही म्हणत नाही, हे खरं. फक्त विचारतो.

लोकर. "कशाला?" पुस्तक. "वाचनालय बंद झालं का?" पायमोजे. "मागच्यांचं काय झालं?"

त्याला कोण विचारणार? खानावळीत टेबलावरच्या सगळ्यांचं बिल तो देतो. दुसऱ्याने पाकीट काढलं तर मनगट धरतो, मारामारीच बाकी. हा खर्च नाही, ही इभ्रत. फुटबॉलच्या सामन्यांवर पैसे लावतो, ती गंमत. पायमोजे हा मात्र खर्च.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

विचारलंच शेवटी.

"किती लागले त्या दगडाला?"

"भेटीची किंमत विचारतात का?"

"भेट कुणाला?"

"तुला! अर्धा दगड तुझा आहे, बाई."

"मला दात हवे होते."

"दात किती टिकणार? ग्रॅनाइटला शंभर वर्षं काही होत नाही."

थट्टा करत नव्हता. थट्टा केली असती तर चाललं असतं.

मग जवळ येऊन बसला. आवाज उतरवून म्हणाला, "आपल्याला मूलबाळ नाही. आपण नाही केलं तर मागे कोण करणार?" त्याच्या तोंडाला लसणाचा वास येत होता. भाजलेलं कडक डुकराचं मांस खाऊन आला होता, खानावळीतून. कुरकुरीत. त्याला चावता येतं.

बुधवार, २२ फेब्रुवारी

पाववाली मला म्हणाली, "अभिनंदन, बाई." थडग्याबद्दल!

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

टपालवाला राडिशा आज पेन्शन घेऊन आला. महिन्यातून दोनदा येतो, अर्धी-अर्धी आणतो, दोघांची. इतकी वर्षं मी चुलीशी असायची. आज खिडकीत उभी राहून पाहिलं. तिहोमिर फाटकापाशी. स्वतःची सही करतो. मग माझी सही करतो. माझी अधिक झोकात करतो. राडिशाला वरचे सुटे पैसे आणि राकियाचा छोटा पेला. खांद्यावर थाप.

माझ्या पैशातून उदार होतो आणि मला दुपारी विचारतो, "मिठाला पैसे कशाला? परवा तर आणलं."

शुक्रवार, १० मार्च

आज फाटकापाशी मी आधी गेले.

राडिशा माझाच विद्यार्थी. टपाल खात्याची टोपी घातली तरी माझ्यासमोर पाय जुळवून उभा राहतो. म्हटलं, "माझी माझ्या हातात दे."

"पण बाई, नेहमी तिहोमिर काका —"

"पावतीवर नाव कुणाचं आहे?"

"तुमचं."

"वाच बघू."

वाचलं. शाळेत वाचायचा तसंच, अडखळत, कान लाल करून. मी सही केली. माझी खरी सही त्याने पहिल्यांदा पाहिली. पावती नीट घडी करून पिशवीत ठेवली. चांगला मुलगा.

मागे वळले तर दारात तिहोमिर, दोन भरलेले पेले घेऊन.

"हे काय चाललंय?"

"माझी पेन्शन घेतली."

"दे. डब्यात टाकतो."

"नाही."

पेले खाली ठेवले नाहीत त्याने. हातात धरून ओरडला, सगळी राकिया बाहीवर. "मी चोर आहे का? एक्केचाळीस वर्षं एका डब्यात खाल्लं! टपालवाल्यासमोर माझी अब्रू घालवलीस!"

राडिशासमोर. हेच त्याला लागलं. चार दातांशिवाय मी साऱ्या गावासमोर फिरते, त्याने अब्रू जात नाही.

पैसे मी शिवणयंत्राच्या खणात ठेवले. मग काढून उशीखाली. मग पुन्हा खणात. स्वतःच्या घरात चोरासारखं! याचीही किळस आली.

रविवार, १२ मार्च

नणंद आली. मिलुंका. लग्न केलं नाही, दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहते, भावाला देव मानते. उपवासाचे दिवस म्हणून बिनलोण्याची अक्रोडाची पोळी आणली. कडक. माझ्यापुढे ठेवली. मुद्दाम नसेल. पण मुद्दाम नसलेलंच जास्त टोचतं.

"वहिनी, सोन्यासारखा माणूस आहे. पिऊन मारत नाही. बाहेर बाई नाही. आणि वर दगड! माझ्या नावाने कुणी साधी वीट तरी लावली का?"

दर रविवारी चर्चमधून थेट दगडापाशी जाते म्हणाली. फडक्याने पुसते. आधी भावाचा चेहरा, मग माझा. "तुझ्या दातांत धूळ बसते, वहिनी. काडीने काढते."

मी बशी बाजूला सारली. म्हटलं, "इतका आवडला असेल तर तूच जा त्याच्या शेजारी."

तिने क्रूसाची खूण केली. तिहोमिर खाली मान घालून पोळीचे तुकडे गोळा करत राहिला. मग मिलुंकाने आपल्या वाटणीची पोळी संपवली. माझीही.

शुक्रवार, २४ मार्च

दुसरी अर्धी पेन्शन माझ्या हातात आली. डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तोंडात गार लगदा दाबला, मापासाठी. ओकारी आली, डोळ्यांत पाणी. तरी बरं वाटलं. थोडे आत्ता दिले, उरलेले मे महिन्यापर्यंत. "नवऱ्याला विचारून यायचंय का?" असं त्या म्हणाल्या नाहीत. मी उगाच वाट पाहत होते.

बुधवार, २९ मार्च

त्याने स्वतःची कॉफी वेगळी आणली. कपाटात ठेवतो. सकाळी किल्ली फिरल्याचा आवाज येतो, मग वास येतो. सत्तरीला आलेला माणूस बायकोपासून कॉफी कुलपात ठेवतो!

मी माझी खुल्या फळीवर ठेवली. तो तीही पितो.

सोमवार, ३ एप्रिल

"विजेचं अर्धं दे," म्हणाला. हात पुढे करून, घरमालकासारखा. मला अपमान वाटेल असं त्याला वाटलं असावं.

म्हटलं, "बिल दाखव."

एक्केचाळीस वर्षांत विजेचं बिल पहिल्यांदा पाहिलं. इतकं कमी! दर हिवाळ्यात हा माणूस मी बसते त्या खोलीतला हीटर बंद करत फिरतो. अर्धे टेबलावर मोजून ठेवले. आणि संध्याकाळी हीटर लावला. माझ्या अर्ध्याने.

रविवार, १६ एप्रिल

ईस्टर. मिलुंका जेवायला. तांबडी अंडी एकमेकांवर आपटायचा खेळ. तिहोमिरचं फुटलं नाही, तर लहान मुलासारखा ओरडला. मग दोघं भाऊबहीण आईच्या हातच्या कोकराच्या आठवणी काढत बसले. मी रस्सा प्याले.

जाताना मिलुंका त्याला दारात काहीतरी कुजबुजली. तो म्हणाला, "बघू, बघू." मला काही विकत घ्यायचं असलं की म्हणतो त्याच सुरात.

शुक्रवार, १२ मे

दात आले!

घरी येऊन काकडी खाल्ली. न कापता, न किसता. मग मुळा. मग आणखी एक मुळा. आवाज डोक्यात घुमतो, हे विसरले होते. स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून, बोटं ओली, मूर्खासारखी.

तिहोमिर दारात थांबला. बघितलं. म्हणाला, "महाग दिसतात."



रविवार, १४ मे

जेवताना विचारलं त्याने, "मग मेलीस की कुठे जाणार?"

"तिथे नाही."

"म्हणजे?"

"तो चेहरा काढून टाक. नाव काढ. मी हो म्हटलं नव्हतं, मला विचारलंही नव्हतं."

"पैसे दिलेत त्याचे!"

"अर्धे माझे होते. सोडले समज."

तो चमचा धरून बसला. सूप गार झालं, वर साय धरली. मग म्हणाला, माझ्याकडे न बघता, "मला एकट्याला तिथे झोपवणार?"

हा माणूस आयुष्यभर माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून झोपला. आजारपणात माझ्या कपाळावर हात ठेवायला त्याला सुचलं नाही. आणि मातीखाली त्याला सोबत हवी. त्यासाठी ऐपतीपेक्षा जास्त मोजायला तयार. तिथे मी मागणार काही नाही, त्याला "कशाला?" विचारावं लागणार नाही. नुसती पडून राहणार, हसत.

क्षणभर कीव आली, हेही लिहायला हवं. त्याची मान किती बारीक झालीय. कॉलर फिरते मानेभोवती.

मग त्याने माझ्या ताटातला मुळा उचलला. विचारलं नाही.

गुरुवार, २५ मे

राडिशा आता फाटकापाशी दोघांची नावं वेगवेगळी पुकारतो. तिहोमिर स्वतःचे घेतो आणि आत जातो. पेला नाही, थाप नाही. आज मी राडिशाला कॉफी दिली. "बाई, छान दिसता," म्हणाला आणि पळाला.

शनिवार, ३ जून

उन्हाळ्यातला मृतांचा शनिवार. मी जाणार नव्हते. पेर्सा धापा टाकत आली, "चल, चल, तुला बघायलाच हवं!"

दगडाच्या उजव्या अर्ध्यावर पातळ काळी पाटी चिकटवलीय. रंग पुरता जुळत नाही, कडेला डिंक दिसतो. पाटीवर डोक्याला रुमाल बांधलेली मिलुंका. तोंड मिटलेलं. नाव, जन्मसाल, रेघ. शेजारी तिहोमिर, टाय लावून.

ती स्वतः फडकं घेऊन स्वतःचा चेहरा पुसत उभी होती. इतकी सुखी मी तिला कधी पाहिली नाही. "अर्धे मी दिले, वहिनी! माझ्या साठवणीतले. त्याने फुकट नाही दिलं, मीच देऊ दिलं नाही." तिहोमिर लोकांना राकिया पाजत होता. माझ्याकडे बघत नव्हता. लोक अभिनंदन करत होते, आणि कुणाचं करावं ते कळत नव्हतं.

मी हसले. मोठ्याने, साऱ्या कबरस्तानासमोर. हात तोंडाकडे गेला नाही.

त्या पाटीखाली दगडातली मीही हसतेच आहे.