‘ओढ्यावरून झेंडा स्पष्ट दिसतो’

२ जानेवारी
आज पोलिसांच्या गोळीबार मैदानावर रुजू झाले. शस्त्र प्रशिक्षक रोहिणी! वडिलांना फोनवर समजावून सांगितलं, तरी ते शेजाऱ्यांना सांगणार पोरगी मास्तरीण झाली म्हणून. धर्मापुरीच्या पुढे हा उघडा माळ, समोर मातीचा उंच बांध. बांधापलीकडे बाभळी आणि ओढा. नवशिक्यांच्या गोळ्या बांधावरून उडून तिकडेच जातात. म्हणून टेकडीवर लाल झेंडा चढला की ओढ्यात कुणी उतरायचं नाही. झेंडा उतरला की शेरडं खुशाल चारावीत. नवी पोरं रायफल सुपासारखी धरतात. एकेकाला सरळ करते.

६ जानेवारी
फाटकाशी एक म्हातारी बसून असते, वच्छलाबाई. गेल्या वर्षी तिची सून मंगल शेरडं आणायला ओढ्यात गेली आणि गोळी लागून मेली. झेंडा चढवलाच नव्हता, असं म्हातारीचं म्हणणं. इथले प्रमुख विजयसिंह साहेब म्हणतात, चढवला होता, बाईनंच पाहिला नाही. हवालदारांना विचारलं तर सगळे चहाच्या कपात बघायला लागले.

९ जानेवारी
मंगलच्या मृत्यूची चौकशी मिटत आली आहे. साहेबांना नव्या प्रशिक्षकाचा दाखला हवा होता: ‘ओढ्यावरून झेंडा स्पष्ट दिसतो.’ एवढं मोठं टेकाड, दिसणारच की. ऊन होतं, साहेब घाईत होते. ओढ्यापर्यंत न जाताच मी साहेबांच्या सहीखाली सही ठोकली. बाहेर पडले तर म्हातारीनं हात धरला. “बघून आलतीस का, बाई? न्हाई ना? आता बघशील. सही करणारे समदे तितं उभे राहून बघतील.” मला रागच आला. नोकरी मी करते, उत्तरं हिला द्यायची?

१५ जानेवारी
म्हातारीचे शब्द डोक्यातून जाईनात. आज सराव थांबवला, झेंडा स्वतः चढवला आणि ओढ्यात उतरले. काठी दिसत होती. झेंडा नव्हता. धावत वर आले तर मस्त फडफडतोय. पुन्हा खाली गेले, पुन्हा नाही. साहेबांना सांगितलं. ते पोट धरून हसले. म्हणाले, मॅडमना चष्मा लागला.

१७ जानेवारी
मला खोटं पाडायला साहेब परस्पर ओढ्यावर गेले. आम्हाला पत्ताच नाही, सराव चालू. त्यांचा फोन आला. म्हणाले, झेंडा तर उतरलाय, मी बांधावरून येतोय. मी वर बघितलं. झेंडा फडफडत होता. थांबा म्हणून ओरडले, तोवर गोळी सुटली होती.

१९ जानेवारी
नवे साहेब आले. सगळ्यांनी लिहून दिलं, झेंडा चढवलेला होता. मीही. या वेळी खरंच होता, म्हणून दोष कुणाचाच नाही. मंगलच्या वेळीही असंच मिटलं असेल. मला भीती वाटते आहे.
म्हातारी आज हसत होती. “एक झाला. दुसरी सही कुणाची हाय?”

२१ जानेवारी
झोप नाही. शेरडाची घंटी दारापर्यंत येते. उघडलं तर शेरडू नाही —
दाखला मागे घ्यायचा. तिथं उभं राहून जे दिसेल तेच लिहायचं. उद्या सराव रद्द केला आहे. रायफली कुलपात, किल्ली माझ्या खिशात. बस, एवढं केलं की सुटले.

२२ जानेवारी
ओढ्यात उभी राहून लिहिते आहे. काठी उघडी. झेंडा नाही. मंगललाही दिसला नव्हता, म्हातारी खरं बोल —

शिट्टी वाजली. सराव तर रद्द —

रायफली भरल्याचा आवाज. खिशात किल्ली नाही.

हवालदाराला फोन लावला. म्हणतो, झेंडा तुम्हीच चढवलात मॅडम, समोर उभ्या आहात की, मग फोन कुणाचा —

हुकूम ऐकू येतोय. आवाज माझा.

शेजारी कुणीतरी आलंय. शेरडांचा वास. मंगल. हसते आहे. विचारते आहे, दिसला का. स्पष्ट दिसला का. मी काय सांगू, इथून तर