साहेबांच्या आवाजात

आई, तुझ्या साहेबांचा आवाज मला अजून काढता येतो. नाकातून, प्रत्येक वाक्याआधी खाकरून. ऑफिसने तुला मोबाइल दिला तेव्हा गाझियाबादच्या आपल्या अख्ख्या बिल्डिंगमधला तो पहिला, आणि शाळेत मी काय भाव खाल्ला. मग तो स्वयंपाकघरात शिरला. पोळ्या लाटतानाही तू तो स्टीलच्या वाटीत ठेवायचीस, रिंग जोरात वाजावी म्हणून. मी काही सांगायला आलो की तू "हो हो, थांब जरा" म्हणणार आणि कान वाटीकडे. साहेबांचा फोन आला की मात्र पिठाच्या हाताने उचलून सरळ उभी.

मग मी डोकं लावलं. बाबा बाहेरगावी पोस्टिंगला, मी गणितात नापास, आणि खाली एसटीडी बूथ. तिथून साहेबांच्या आवाजात तुला फोन लावला. "मॅडम, आपके लडके के नंबर कम आए हैं. उसे डांटना मत." तू एकदम ऑफिसच्या सुरात, "जी सर. बिल्कुल सर. उसको ऊपर भेजिए, चप्पल तैयार है." बूथवाले अंकल हसून हसून लाल. वर आलो तर ताटात गरम पोळी.

तेव्हापासून तुला काही सांगायचं तर मी साहेब होऊनच सांगायचो, कारण साहेबांचं तू पूर्ण ऐकायचीस. तुझा खोकला वाढला तेव्हाही फोन केला, मॅडम, छुट्टी घ्या, डॉक्टरकडे जा. तू जी सर म्हणालीस आणि सकाळी बस पकडून नोएडाला ऑफिसलाच गेलीस.

हॉस्पिटलमध्ये दुपार आहे, रजा घेऊन आलेले बाबा औषधं आणायला खाली गेलेत. तापात तू चादरीवर हात फिरवून मोबाइल शोधतेयस. तो मी बंद करून खिशात ठेवलाय. मी आई, आई करतोय, तू बघतच नाहीस. शेवटी खाकरलो. म्हटलं, "मॅडम."

तू लगेच डोळे उघडलेस. "सर, आज जल्दी निकलूं? बच्चा घर पे अकेला है."

तुझा हात माझ्या हातात होता. "जाइए मॅडम," म्हटलं.

"थँक्यू सर."

त्यानंतर तू काही बोलली नाहीस.

हे लिहिलेलं बाबांना दाखवणार नाही. त्यांना मी सांगून ठेवलंय की आईने मला ओळखलं होतं, शेवटपर्यंत माझी मजा घेत होती. ते ऐकून त्या दिवशी ते दोन घास जेवले. पण आई, खेळात "सर" म्हणताना तुझं हसू फुटायचं, फोनवरही ऐकू यायचं. त्या दुपारी मी अगदी तोंडाशी कान नेऊन ऐकलं. नव्हतं.