ठेकेदाराच्या नावावरची जीप

आई, जीप माझ्या नावावर झाली. एवढंच तुला सांगायचं म्हणून लिहायला बसले होते, पण ते सांगायचं तर आधी दुसरं सांगावं लागतं. ती तुझ्या नावावर कधी नव्हतीच, आणि हे मला तू गेल्यावर इतक्या वर्षांनी कळलं.

मागच्या उन्हाळ्यात भावाचा फोन आला. गोठ्यामागचं पत्र्याचं शेड पाडून त्याला ट्रॅक्टरला जागा करायची होती, आणि मोहोळचा भंगारवाला जीप बघून गेला होता. "ताई, कशाला ठेवायची? टायरं बसल्यात, उंदरांनी वायरी खाल्ल्यात," तो म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. मी म्हणाले, मी नेते. गाडी टेम्पोत चढवून सोलापूरला आणली, ओळखीच्या गॅरेजात उभी केली. मिस्त्रीनं दोन दिवस खटपट केली आणि म्हणाला, "इंजिन जिवंत आहे मॅडम. पण ही रस्त्यावर आणायची तर कागदपत्रं लागतील." घरी आल्यावर तुझी लोखंडी पेटी उघडली. गाडीचं जुनं आरसी बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट होतं. मालकाच्या जागी नाव होतं ते ठेकेदारांचं, टेंभुर्णीच्या.

ठेकेदार म्हणजे कालव्याच्या कामावरचे, ज्यांच्याकडून तू जीप घेतलीस, एवढं मला ठाऊक होतं. मी तेव्हा चौथीत असेन. दादा सोलापुरात गिरणीत, सुट्टीला घरी येणार, तेवढ्यापुरते आम्हा पोरांना वडील. आणि तू वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीला घालायचं ठरवलेलंस. सीना नदीकाठची ती काळी माती. पावसाळ्यात सायकल जात नाही, मोटारसायकल जात नाही, बैलसुद्धा थबकतात. आणि तू डोक्याचा पदर कानामागं खोचून, दुधाचे कॅन मागं दोरीनं आवळून, त्या चिखलातून जीप काढतेस. मी शेजारी बसलेय, दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून. चाकं जागेवर फिरतात, चिखल काचेवर उडतो, तू खालचा छोटा दांडा मागं ओढतेस, चारही चाकांना जोर येतो आणि गाडी हळूहळू वर सरकते. वर आल्यावर फक्त म्हणतेस, "झाकण बघ कॅनचं."

पुढं मी अकरावीत असताना तू मला गाडी शिकवलीस, तेव्हा तोच दांडा मी डांबरी रस्त्यावर ऐटीत ओढला होता. तू गाडी थांबवायला लावलीस. "कडक रस्त्यावर ह्यो टाकायचा न्हाय. गाडीचं आतडं तुटतं. जोर हाय म्हणून कुटंबी लावायचा व्हय?" मी रडवेली झाले होते. आज कचेरीत माझ्या हाताखाली आठ माणसं आहेत, आणि आवाज चढवावासा वाटला की मला तुझं ते आतडं आठवतं.

आरटीओत गेले. खिडकीतल्या बाई चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, नोंदणीची मुदत कधीच संपलीय, आधी तपासणी, मग पर्यावरण कर, मग नूतनीकरण. ते सगळं होईल. "पण नाव बदलायचं तर बुकात ज्यांचं नाव आहे त्यांना आणा. ते नसतील तर त्यांचे वारस." मी म्हणाले, गाडी आईनं घेतली होती. त्या म्हणाल्या, "कागदावर तर आईचं नाव कुठंच नाही ना." त्यात त्यांचा काही दोष नव्हता. मी बाहेर येऊन बुकातला टेंभुर्णीचा पत्ता पुन्हा वाचला.

टेंभुर्णीत ठेकेदारांचं घर सापडलं. मुलगा म्हणाला, वडील करमाळ्याला त्यांच्या लेकीकडे असतात, वय झालंय, कुणाला ओळखतात, कुणाला नाही. आणि मग जरा संशयानं, "गाडी आमच्याच नावावर आहे म्हणता?" त्यांनी गाडी मागितली असती तर माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. दुसऱ्या रविवारी करमाळ्याला गेले. म्हातारबा ओट्यावर ऊन खात बसलेले. कानाशी वाकून सांगितलं, मोहोळकडची, दूधवाल्या बाईंची मुलगी, जीपसाठी आलेय.

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "ती इसरायची बाई हाय व्हय?" म्हणाले. "बस. चहा घे आदी."

आणि बोलतच राहिले. तुला गाडी त्यांनीच शिकवली, कोरड्या कालव्यात. तू पहिल्याच दिवशी भिंतीला घासलीस आणि उतरून आधी गाडी बघितलीस, मग आपलं कोपर. नाव बदलायला तू आणि ठेकेदार दोघं सोलापूरला गेला होतात. आरटीओतला एजंट म्हणाला, बाईमाणसाच्या नावावर कशाला, नवऱ्याचं नाव घाला, सोपं पडतं. "तुझी आई म्हणली, चालवणार मी, पैसा माझा, मग नाव त्यांचं का? त्यो काय ऐकंना. मग ती मला म्हणली, ठेकेदार, तुमच्याच नावावर ऱ्हाऊ द्या. तुमी काय मागायला येनार न्हाय." ते हसले. "न्हाय गेलो."

दादांना तू हे कधी सांगितलंस का, मला माहीत नाही. मला तर नाहीच.

सह्यांसाठी ते स्वतः सोलापूरला आले. मुलगा कुरकुरत होता, पण आला त्यांना घेऊन. आधी गॅरेजात गाडी बघितली, बॉनेटवर हात फिरवला. मग नोटरीकडं. वकिलांनी प्रतिज्ञापत्र टाइप करून दिलं: सदर वाहन मी अर्जदारास विकले. मुलानं वाचून दाखवलं. ठेकेदारांनी पेन खाली ठेवलं.

"मी हिला इकली न्हाय."

"अहो आजोबा, तसंच लिहितात," वकील म्हणाले. "मधलं नाव घातलं तर उगाच वाढतं काम."

"वाढू द्या की. मी हिच्या आईला इकली. खोटं लिवून देनार न्हाय."

वकिलांनी कागद फिरवून घेतला. मला विचारलं, "आईचं पूर्ण नाव?" मी सांगितलं. तुझं नाव, दादांचं नाव, आडनाव. सदर वाहन मी यांस विकले, त्या हयात असेतो त्यांनीच ते चालवले. शेवटचं वाक्य ठेकेदारांनी सांगून घातलं. मग सावकाश सही केली.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी चेसीवर, गाडीच्या सांगाड्यावर, कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल फिरवली. आकडे एकेक उमटत गेले. पुढं तुझ्या वारसाचे कागद जोडले, आणि काही आठवड्यांनी पोस्टानं कार्ड आलं. त्यावर माझं नाव आहे. तुझं नाव त्या प्रतिज्ञापत्रात, आरटीओच्या फायलीत.

हे तुला पाठवायचं कुठं? घडी घालून ठेवून देईन. पण एक सांगते. गाडीची मला गरज नाही. मी कचेरीत स्कूटीवर जाते, आणि जीप चालवून महिन्यातून एकदा पेट्रोल जाळते, एवढंच. करमाळ्याहून परत येताना, एकही सही झालेली नसताना, मी एसटीत खिडकीशी बसून खूश होते. तू गेल्यापासून कुणी माझ्याशी तुझ्याबद्दल इतका वेळ बोललंच नव्हतं. मी त्याचसाठी गेले होते.