रिस्पॉन्सिबिलिटीचे सहा तुकडे

३ ऑक्टोबर, नारिन, किर्गिझस्तान
आजपासून रोज पाच लांब इंग्रजी शब्द फोडायचे आणि जोर कुठे पडतो ते शोधायचं. वीस तारखेला बिश्केकहून तपासनीसबाई येणार. आमच्या शाळेच्या इंग्रजी विभागाचा प्रमुख त्याच ठरवणार. म्हणजे मीच. दुसरी उमेदवार आइझिरेक. कालची पोर. शब्द फोडत नाही, नुसती बोलते.

५ ऑक्टोबर
वेळ झाला नाही. उद्यापासून रोज दहा.

९ ऑक्टोबर
शोध लागला! लोक हनुवटीखाली एक हात धरतात. जबडा जितक्यांदा खाली, तितके तुकडे. मी दोन्ही हात धरतो, तळवे वर. जोराचा तुकडा आला की हात कपाळावरून खाली, थेट तोंडावरून. आमच्या किर्गिझमध्ये जोर मुकाट शेवटी जाऊन बसतो. इंग्रजीत त्याला हुडकावं लागतं.

१२ ऑक्टोबर
जेवताना सराव. 'इलेक्ट्रिसिटी'. बाबा एकदम "ओमिन" म्हणून उठले. वय झालं. बायको, बुरुल, करवादली, "अहो, तोंडावरून हात फिरवलात म्हणजे दुवा झाली, पंगत उठली! म्हाताऱ्याला उपाशी उठवलंत!" तिला अध्यापनशास्त्र कळत नाही.

१९ ऑक्टोबर
एकूण शब्द दोन. पण मुरलेले. मुख्याध्यापिका जिपारबाई म्हणाल्या, "सर, उद्या तपासनीसबाईंच्या मेजवानीत जेवणं होईपर्यंत गप्प बसा हं." मत्सर, दुसरं काय!

२० ऑक्टोबर, संध्याकाळी ५
चहा आणि तळलेले बोरसोक झाले. बेशबर्माकच्या, हातानं खायच्या मांस-शेवयांच्या, पराती दारात आल्या. तपासनीसबाईंनी बाह्या सरसावल्या. हीच वेळ म्हणून उभा राहिलो. 'रिस्पॉन्सिबिलिटी'. रि, स्पॉन, सि... चौथ्याला दोन्ही हात तोंडावरून खाली. अचूक! तोच चाळीस जणांनी तोंडावरून हात फिरवले, "ओमिन!" आणि सगळे उठले. उरलेले दोन तुकडे मी पंगतीच्या रिकाम्या चादरीला, दस्तरखानाला ऐकवले.

दुवा झाल्यावर कोण परत बसतं? तपासनीसबाई परातीकडे बघत गाडीत बसल्या. आइझिरेक मांसाचं गाठोडं घेऊन मागून धावली. लाळघोटेपणा.

२१ ऑक्टोबर
आइझिरेक प्रमुख. बाईंचा शेरा: 'हिला जबाबदारी कळते.' फार वाईट वाटलं. सहाही तुकडे मला पाठ होते.

बुरुलने माझे आवडीचे, मांस भरून वाफवलेले मंती केले. दोन्ही हात ताटाजवळच ठेवा म्हणाली. बाबा बसले नाहीत. ते माझ्या आधीच जेवून घेतात आता.