पिवळ्या कड्याचा सातभाई

सर, तुमच्या मोहगावच्या बागेत आज तो पिवळ्या कड्याचा सातभाई पाहिला. जिवंत आहे. हे सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहून राहिलो. घरी सांगावं तर घरात मी एकटा. लग्न केलं नाही ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात भाऊ गेला आणि वहिनी मुलांकडे नागपूरला राहते. दुकानात सांगावं तर गिऱ्हाईक विचारतं, माझी मोटर कधी मिळते. बाग आता ज्यांनी घेतली ती भली माणसं आहेत, मला आत येऊ देतात. पण काय पाहून राहिले असं त्यांनी विचारलं तेव्हा मी पंपाकडे बोट दाखवलं. पक्ष्याचं सांगायचं म्हणजे आपला सगळा वाद पहिल्यापासून सांगावा लागला असता. तो वाद तुम्ही गेल्यापासून अर्धाच पडून आहे, आणि अर्धा वाद एकट्यानं पुढे नेणं किती अवघड असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तुम्ही मला वर्गात कधी शिकवलं नाही. मी शाळा अर्ध्यात सोडली, जळालेल्या मोटरीत नवी तार बांधायला शिकलो, आणि बाकी जे शिकलो ते स्वतः, पुस्तकं मागवून, शब्दकोश मांडीवर घेऊन. तुम्ही सौंसरला जीवशास्त्र शिकवत होतात आणि पहिल्यांदा दुकानात आलात ते बागेतली जळालेली मोटर घेऊन. टेबलावर माझं उत्क्रांतीचं पुस्तक उघडं होतं. तुम्ही चाळलं, कोणाचं म्हणून विचारलं, आणि माझं म्हटल्यावर मोटर विसरून स्टुलावर बसलात. त्या दिवसापासून आपलं भांडण. माझं म्हणणं, निसर्गाची निवड जीनवर चालते. जो जीन आपल्या प्रती वाढवतो तो टिकतो, कळपाचं भलं निसर्गाला दिसत नाही. तुमचं म्हणणं, निवड कळपाकळपांतही होते; एकमेकांना सांभाळणारा कळप तरतो, दुसरा मोडतो. उदाहरण तुम्ही बागेतलंच दिलं. वांदरांपासून फळ वाचवायला तुम्ही सगळे शेजारी पाळीपाळीनं राखण करायचात. मी म्हटलं, जो आपल्या पाळीला झोपतो त्याचाही संत्रा वाचतो, वर झोप फुकट. म्हणजे शेवटी झोपणारेच वाढणार. तुम्ही नाल्यापलीकडच्या बागांकडे हात केला. "तिकडं सगळेच झोपले लेका. जाय, एक फळ आणून दाखव."

मग आपण सातभाईंवर आलो. सात कधीच नसतात, कधी कमी कधी जास्त, हे मी तुम्हाला लगेच सांगितलं होतं. सगळे खाली पाला उलटतात आणि एक बाभळीच्या शेंड्यावर बसून झडप घालणारा शिकरा येतो का ते पाहतो. तेवढा वेळ तो उपाशी, बाकीचे खातात. मी म्हटलं, खाली त्याचे भाऊबहीणच आहेत, त्यांच्या अंगात त्याचेच जीन आहेत, म्हणून बसतो. तुम्ही डबा खात होतात. घास हातातच राहिला. भाऊबहीण कशावरून, तुम्ही विचारलंत. असलेच पाहिजेत, मी म्हटलं. "पाहिजेत नाही. तू पाह्यलं का? का पुस्तकातलं सांगून राहिला?" तार बांधताना एक वेढा चुकला तरी मी सगळी गुंडाळी उकलून पुन्हा बांधतो, हे तुम्ही पाहिलेलं होतं, म्हणूनच ते बोलणं मला तसं झोंबलं. पुढच्या वेळी मी दुकानातून स्लीव घेऊन आलो, तारेवर चढवायची बारीक रंगीत नळी. कोण कुठला ते पुढे ओळखता यावं म्हणून तिची कडी कापून आपण घरट्यातल्या पिल्लांच्या पायांत घातली, ढिली, पाय वाढायला जागा ठेवून. तुमच्या बागेतल्यांना लाल, नाल्यापलीकडच्यांना पिवळी. तुम्ही शिडी धरून उभे आहात, मी वर आहे, सगळा कळप डोक्यावर कालवा करतो आहे, आणि तुम्ही खालून म्हणता, त्यांना जीनचं समजावून सांग, शांत होतील.

पुढच्या एका मोसमात पिवळ्या कड्याचा एक पक्षी नाला ओलांडून लालवाल्यांत आला आणि तिथल्या पिल्लांना अळ्या भरवू लागला. तुम्ही मला दुकानातून उठवून नेलंत. परका आहे, पाह्य, अन् चारून राहिला. मी म्हटलं, कळपात राहायचं भाडं भरून राहिला. एकदा जागा मिळाली की स्वतःचा संसार थाटेल, हिशोब जीनचाच. तुह्याजवळ सगळ्यालेच उत्तर राह्यते, तुम्ही म्हणालात, हाच तुहा रोग आहे. परत येताना वाटभर मात्र तुम्हीच बोलत होतात. माझ्याशी इतकं कोणी कधी बोललेलं नाही.

नंतर तुमची नागपूरच्या दवाखान्यातली खाट. मुलगी भोपाळहून सुट्टी मिळेल तशी यायची; मधल्या दिवसांत मी दुकान बंद ठेवून सौंसरहून बसनं यायचो. एक दिवस तुम्ही छताकडे पाहत विचारलंत, "मी तुह्या रक्ताचा नाही. आता कोनाच्या कामाचाही नाही. तुह्या हिशोबात मी कुठं बसतो रे?" परतफेडीत, मी म्हटलं. तुम्ही मला वेळ दिला, तो मी परत करून राहिलो. पुस्तकाप्रमाणे ते चोख होतं. तुम्ही म्हणालात, बरं, मंग झाली फेड, उद्यापासून येऊ नको. दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्याच बसनं गेलो. तुम्ही डोळे उघडलेत, मला पाहिलंत, आणि म्हणालात, "हरला." मी मानलं नाही. एवढ्या पुराव्यावर सिद्धांत मोडत नाही, असं काहीतरी म्हणालो. तुम्हाला हसू आलं, हसण्यात खोकला आला, आणि नर्सनं मला बाहेर काढलं.

आज तो बाभळीवर होता. पिसं विरळ झालीत, कड्याचा पिवळा उडून पांढुरका झालाय, पण स्लीव माझीच, कापलेली तिरपी कड ओळखू येते. इतक्या वर्षांत त्याचं स्वतःचं घरटं मला दिसलं नाही. अर्थात मी रोज तिथं नव्हतो, हेही लिहून ठेवतो. खालच्या कळपात कोणाच्याच पायात कडं नव्हतं, ना लाल ना पिवळं; त्याच्या वेळचं कोणी उरलं नाही. शिकरा आला तेव्हा पहिला तोच ओरडला.

दुकानात येऊन मी सवयीनं दोन्ही बाजू मांडल्या. हल्ली तुमची बाजूही मलाच मांडावी लागते, तुमच्याच बोलीत, मोठ्यानं; शेजारचा सायकलवाला एकदा डोकावून गेला. तुमच्या बाजूनं म्हटलं, संसार नाही, रक्ताचं कोणी नाही, भाडं भरून काय भेटलं ते दिसत नाही, तरी राखण करून राहिला. बोल आता. माझ्याजवळ उत्तर तयार होतं: म्हातारा झाला, जायला दुसरी जागा नाही, कळप जगला तरच तो जगतो, म्हणून ओरडतो. उत्तर बरोबर आहे. तुम्ही समोर असता तर शब्द संपायच्या आत मी ते दिलं असतं. तुमच्या घराला आता कुलूप आहे, हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून लिहितो. आज ते उत्तर मी तोंडातून काढलं नाही. शटर ओढलं आणि घरी आलो.